वजनकाट्यावरचा चरबीचा टक्का डेक्साइतका अचूक नसतो

व्यायामशाळांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: बीएमआय निकामी आहे, घरच्या स्मार्ट वजनकाट्यावर दिसणारा चरबीचा टक्का डेक्सा स्कॅनइतकाच, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी मोजणाऱ्या तपासणीइतकाच, अचूक असतो, कातडी चिमट्यात धरून मोजण्याची पद्धत कालबाह्य झाली, आणि कंबरेला टेप लावणे हे शिंप्याचे काम आहे, डॉक्टरांचे नव्हे. यातले पहिले विधान अर्धे खरे आहे आणि त्याच्या आधारावर उरलेली तीन सहज गळी उतरतात.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. त्यात चरबी आणि स्नायू वेगळे दिसत नाहीत, हे मान्यच करायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचाही बीएमआय 22.3 होता, चरबी मात्र याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के, तर युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के निघाली. यावरून बीएमआय फेकून द्यावा असा निष्कर्ष निघत नाही. भारतीयांसाठी त्याच्या मर्यादा खाली आणाव्या लागतात, आणि तशा त्या आणल्याही गेल्या आहेत: 23 पासून जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा.

दुसरा दावा सर्वांत घातक आहे, कारण त्यावर विसंबून माणसे रोजचे जेवण ठरवतात. हा काटा चरबी मोजतच नाही. एका तळपायातून दुसऱ्या तळपायाकडे तो अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडतो आणि वाटेत होणारा विरोध मोजतो. स्नायूंत पाणी भरपूर असल्यामुळे त्यांतून प्रवाह सहज जातो, चरबीतून जात नाही. त्या विरोधात तुमचे वय, उंची, वजन आणि लिंग मिसळून एक सूत्र टक्का काढते. प्रवाह मुख्यतः पायांतून आणि ओटीपोटातून जातो, त्यामुळे दंड, छाती आणि पोटाचा वरचा भाग यांविषयी काटा फक्त अंदाज बांधतो. ज्यांच्या घरी असा काटा असेल त्यांनी एक प्रयोग जरूर करावा. एकदा उभे राहून आकडा लिहून ठेवावा, मग ॲपमध्ये उंची पाच सेंटिमीटरने कमी भरून लगेच पुन्हा उभे राहावे. मी हे केले तेव्हा दोन मिनिटांत माझी चरबी ‘वाढली’. काही काट्यांत खेळाडूंसाठी वेगळा पर्याय असतो, तो निवडला की तेच शरीर अचानक सडपातळ ठरते. पाणी कमी प्यायलेले असणे, नुकताच घाम गाळलेला असणे, कोरडे तळपाय, या सगळ्यांचा आकड्यावर परिणाम होतो. रोज सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी त्याच काट्यावर उभे राहून महिन्याभराचा कल पाहावा, एवढ्यापुरता तो उपयोगी आहे. कालच्यापेक्षा आज अर्धा टक्का वाढला म्हणून रात्रीची भाकरी सोडणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते.

डेक्साबद्दल थोडक्यात सांगायचे, तर त्यात दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी हाड आणि मऊ ऊती वेगळ्या काढल्या जातात, म्हणून ती पद्धत काट्यापेक्षा निश्चितच भरवशाची आहे. परंतु हाडाच्या जागी असलेल्या मऊ ऊतींतली चरबी तीही शेजारच्या भागावरून अंदाजते, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच माणसाचे आकडे वेगळे येतात. दोन स्कॅनची तुलना करायची असेल, तर यंत्र तेच हवे.

चिमट्याला, म्हणजे कॅलिपरला, कालबाह्य म्हणणाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतला अभ्यास आठवावा. तिथली नवजात बाळे सरासरी 2.7 किलोंची होती, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोंची. तरीही खांद्याच्या फऱ्याखालची कातडीची घडी वजनाच्या मानाने फारशी कमी नव्हती. बाळे बारीक होती, पण चरबी राखून होती, हे या साध्या साधनाने दाखवले. दोष आहे तो घडीच्या मिलिमीटरचा टक्का करण्यात, कारण 1974 चे प्रसिद्ध डर्निन-वोमर्स्ली सूत्र स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या माणसांवरून बेतलेले आहे आणि ते आपल्याला तसेच्या तसे लागू पडेल असे धरून चालता येत नाही. चार ठिकाणच्या घड्यांची बेरीज मिलिमीटरमध्येच ठेवली आणि दर वेळी त्याच सरावलेल्या हाताने मोजली, तर सूत्राची गरजच उरत नाही.

राहिली कंबरेची टेप. मधुमेहाच्या दृष्टीने चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे याला अधिक महत्त्व आहे, आणि पोटातल्या अवयवांभोवतीच्या चरबीचा सुगावा टेपने बराच लागतो. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर, कपड्यावरून न लावता, पोट आत न ओढता, सहज श्वास सोडल्यावर मोजावे. भारतीय पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरपेक्षा जास्त माप आले, तर काट्यावरचा टक्का कितीही समाधानकारक असला तरी रक्तातील साखर तपासून घ्यावी.