सटवाईचा टाक तुमच्या हाती

तुम्ही अद्भुतरम्य महाकादंबरी लिहायला घेतली आहे असं कळलं. अभिनंदन. नकाशा काढून झालाच असेल. उत्तरेला बर्फ, दक्षिणेला वाळवंट, मधोमध एक नदी, आणि ती नदी डोंगर चढून पलीकडे उतरतेय. नदीचं सोडा. आता त्या नकाशात माणसं सोडायची आहेत आणि त्यातलं कोण कधी, कुठे, कसं मरणार हे ठरवायचं आहे. सटवाईला बिचारीला एकेका बाळाच्या उशाशी बसून कपाळावर लिहावं लागतं. तुमचं काम घाऊक आहे. तेव्हा पंधरा वर्षं हा उद्योग करून अजून एकही कादंबरी पुरी न केलेल्या माणसाचे अनुभवाचे चार बोल ऐकून घ्या.

पहिली पायरी खोगीरभरतीची. नकाशात जितके रंग वापरलेत तितकी माणसं तरी हवीतच. एक जादूगार, एक चोर, एक बुटका, एक धनुर्धारिणी, एक परागंदा राजपुत्र, आणि प्रत्येकाला एकेक खोड. चोराने सतत नाणं उडवायचं, बुटक्याने सतत भूक लागली म्हणायचं, धनुर्धारिणीने बाण सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर भुवई उंचावायची. स्वभाव वगैरेच्या भानगडीत पडू नका, त्याला जागा फार लागते. नावं अशी ठेवा की उच्चारताना जिभेला गाठ बसावी, आणि निदान चौघांची नावं एकाच अक्षराने सुरू व्हावीत. माझ्या बाडात अरिष्ट, अरिंजय, आर्यक आणि अर्यमा एकाच होडीत बसतात. त्यातला एक बुडाला. कोण बुडाला हे बघायला मला मागची पानं उलटावी लागली, तेव्हा कळलं की बुडालेला गृहस्थ पुढची दोन प्रकरणं अगदी व्यवस्थित बोलतोय.

ही सगळी वरात शेवटपर्यंत एकत्रच चालवा. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये टॉल्किनने इथेच घोळ घातला. १९५४ साली त्याने नऊ जणांची टोळी प्रवासाला काढली आणि दुसरा खंड उघडतो न उघडतो तोच तिची दाणादाण करून टाकली. एक आधीच दरीत कोसळलेला, दोघे अंगठी घेऊन एका दिशेला, दोघांना शत्रूने उचललेलं, तिघे त्यांच्या मागावर. राहिला एक, तो मेला. तोही साधासुधा मेला नाही. आपलं शहर वाचवायच्या ध्यासापायी त्याला अंगठीचा मोह पडला, त्याने सोबत्यावरच झडप घातली, शरमला, आणि लगेच दोन लहानग्यांना वाचवताना बाण खाऊन पडला. म्हणजे ज्या काळजीने माणूस घसरला तीच काळजी त्याच्या मरणाच्या मुळाशी. इतकं कुठे जुळवत बसता! शिवाय टोळी फुटली की प्रत्येकाला आपापलं ठरवावं लागतं, आणि पात्रं स्वतःचं ठरवायला लागली की लेखकाला विचारणार कोण?

त्यापेक्षा सगळ्यांना शेकोटीभोवती बसवा. नमुना म्हणून माझ्याच बाडातला एक उतारा देतो.

‘आपण दरीतून जाऊ,’ जादूगार म्हणाला. ‘दरीतून?’ चोर म्हणाला आणि त्याने नाणं उडवलं. ‘दरी धोक्याची आहे,’ राजपुत्र गंभीरपणे म्हणाला. धनुर्धारिणीने भुवई उंचावली. ‘मला भूक लागली आहे,’ बुटका म्हणाला. सगळे हसले. अरिंजय मात्र हसला नाही. आर्यकाने त्याच्याकडे पाहिलं. अर्यमाने आर्यकाकडे पाहिलं. वैद्य इतका वेळ गप्प होता, तो म्हणाला, ‘मग दरीतूनच.’

बघा, एक पान संपलं, सगळ्यांची हजेरी लागली आणि कुणालाही काहीही झालं नाही. अशा साठ शेकोट्या पेटवल्यात की पहिला खंड तयार. दरीत ते कधी उतरले, हे विचारायला वाचक शुद्धीवर नसतो.

आता मरणाकडे येऊ, कारण खरी कला तिथेच आहे.

नायकाची आई त्याच्या जन्माआधी मरावी, म्हणजे निदान जन्म देता देता. बाप दुसऱ्या प्रकरणात, गावासकट. गुरू पहिल्या खंडाच्या शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं वाक्य अर्धवट ठेवून. ‘तुझा खरा बाप...’ म्हणून मान टाकली की पुढच्या दोन खंडांची ददात मिटली. हे तिघे जन्मजात मेलेलेच असतात, त्यांच्यावर डोकं शिणवू नका. प्रश्न मधल्या फळीचा. त्यासाठी सोपी खूण ठेवा. ज्याला मारायचं त्याला आदल्या रात्री घरची आठवण काढायला लावा. ‘ही मोहीम झाली की तलवार खाली ठेवणार, गावाबाहेर लहानशी बाग लावणार’ एवढं म्हणवून घ्या. जो बागेबद्दल बोलला तो सकाळी गेला. पुढेपुढे वाचकालाच सवय होते, आणि एखाद्याने फुलांचा विषय काढला की तो सावधपणे पान उलटतो.

धक्का मात्र हवाच. कथा रेंगाळली की एकाला मारा, तरी हलली नाही तर दुसऱ्याला. मेल्याने पुढे काही बदललं पाहिजे अशी अट घालून घेऊ नका. त्या अटीपायी व्यासांनी केवढा व्याप केला बघा. घटोत्कचाचंच घ्या. कर्णाकडे इंद्राने दिलेली शक्ती. ती एकदाच चालणार, आणि कर्णाने ती जपून ठेवलेली अर्जुनासाठी. चौदाव्या दिवसाचं युद्ध रात्रीही थांबत नाही, तेव्हा कृष्ण घटोत्कचाला पुढे घालतो. अंधारात राक्षसाचं बळ वाढतं, कौरवसेना कर्णाच्या नावाने आकांत करते, आणि नाइलाजाने कर्ण ती शक्ती त्याच्यावर सोडून बसतो. पोरगा मेला. पांडव रडताहेत आणि कृष्ण आनंदाने नाचतोय. एका मरणाने अर्जुन वाचला, कर्णाचं मरण ठरलं आणि कृष्ण नेमका कोण आहे हे वाचकाला गार वाऱ्यासारखं झोंबून गेलं. एका माणसात तीन कामं! ही चिक्कूगिरी तुम्हाला शोभणार नाही. तुमच्याकडे माणसांचा तुटवडा थोडाच आहे? तीन कामांसाठी तीन मारा. किंवा तिघांना मारा आणि काम एकही करू नका, हे अधिक आधुनिक.

आणि मारल्यावर मागे वळून बघायचं नाही. कुरुक्षेत्र आटोपल्यावर व्यासांनी एक अख्खं स्त्रीपर्व घातलं. गांधारी रणांगणावर उभी आहे आणि एकेक प्रेत ओळखते आहे. कशाला? लढाई संपली, निकाल लागला, वाचक घरी निघाला. पण या लेखकाची अडचण वेगळी होती. कौरव-पांडव त्याचीच नातवंडं. स्वतः कथेत आजोबा होऊन बसायचं आणि दोन्हीकडची नातवंडं मारायची, म्हणजे हात थरथरणारच. तुम्ही तुमच्या पात्रांशी नातं जोडू नका. मेलेल्या माणसासाठी फार तर एक पाऊस पाडा.

मेलेल्याला परत आणायचं का? अवश्य. वाचकांची पत्रं यायची वाटसुद्धा बघू नका. आर्थर कॉनन डॉयलने १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं आणि १९०३ साली परत आणलं. ती हेरकथा, तिथे मंत्र चालत नाहीत, पण लबाडी बघा. धबधब्याशी वॉटसनला पावलांचे ठसे सापडतात, होम्सची काठी आणि एक चिठ्ठी. प्रेत कुणीच पाहिलेलं नाही. एवढी फट ठेवली म्हणून माणूस दहा वर्षांनी आत येऊ शकला. तुम्हाला फटीची गरज नाही, तुमच्याकडे जादू आहे. चांगलं प्रेत दाखवा, चिता रचा, राख नदीत सोडा, सोबत्यांना पाच पानं रडवा, आणि पुढच्या प्रकरणात ‘तुम्हाला काय वाटलं, मी मेलो?’ म्हणत त्याला दारात उभा करा. फार तर कपड्यांचा रंग बदला. त्यानंतर तुम्ही कुणालाही मारलंत तरी वाचक शांत राहतो. पुढच्या चितेपाशी तो जांभई देत परतीची वेळ विचारतो.

भविष्यवाणीबद्दल दोनच शब्द. ती यमकात असावी आणि मोघम असावी, म्हणजे शेवटी काहीही घडलं तरी बसते. नायकाने काहीही न करता सिंहासनावर जाऊन बसावं यासाठीच तिचा शोध लागलेला आहे. परीक्षिताच्या गोष्टीत ही सोय उलटी वापरली आहे. सातव्या दिवशी तक्षक डसणार हा शाप. राजा एका खांबावरचा महाल बांधतो, वैद्य-मांत्रिक बसवतो, पहारे लावतो. त्याला खरोखर जिवंत करू शकला असता असा एक ब्राह्मण वाटेवर असतो, त्याला तक्षक धन देऊन परत पाठवतो. सातवा दिवस मावळायला येतो. फळात एक बारीकसा किडा निघतो, आणि राजा हसत हसत तो स्वतःच्या हाताने मानेवर ठेवतो. हा घ्या तुमचा तक्षक! शाप ऋषीचा, लाच नागाची, पण शेवटचा हात राजाचा स्वतःचा. असलं काही लिहिलंत तर वाचक रात्रभर छताकडे बघत बसेल, आणि त्याची झोपमोड केल्याचं पाप तुमच्या माथी.

खलनायक काळा असावा आणि उंचावर राहावा. त्याला जग का बुडवायचं आहे हे त्यालाही ठाऊक नसावं. पुढे चला.

शेवट आला की राहिलेल्यांची निरवानिरव करा. लग्नं लावा, राज्यं वाटा. ज्यांचं काय करायचं ते सुचत नाही त्यांना ‘तो उत्तरेकडे निघून गेला’ या एका वाक्यात बसवा. माझ्या बाडात उत्तरेकडे सध्या उभं राहायला जागा नाही. पांडवांच्या महाप्रस्थानाची नक्कल मात्र करू नका. तिथेही सगळे उत्तरेलाच निघाले आहेत, पण एकेक जण वाटेत पडतो आणि दर वेळी भीम धर्मराजाला विचारतो, का? द्रौपदीचा अर्जुनाकडे ओढा जास्त होता. सहदेवाला आपल्या शहाणपणाचा गर्व होता, नकुलाला रूपाचा. अर्जुन एका दिवसात सगळे शत्रू मारीन म्हणाला होता. मग भीम स्वतःच पडतो आणि पडल्यापडल्या विचारतो, मी का? तू खादाड आणि बढाईखोर होतास. पाच मरणं आणि प्रत्येकाच्या मागे जन्मभराचा स्वभाव. एवढं लक्षात ठेवून लिहायचं म्हणजे पहिल्या पानापासून शुद्धीत राहावं लागतं. वर शेवटपर्यंत सोबत कोण, तर एक कुत्रा.

जनावराचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं सांगून टाकतो.

गेल्या वर्षी माझी बारा वर्षांची भाची माझं बाड वाचायला घेऊन गेली. एकेचाळीस पात्रं, दोन महायुद्धं, तीनदा जिवंत झालेला जादूगार. आठ दिवसांनी तिने गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. मी विचारलं, ‘कसं वाटलं?’ ती म्हणाली, ‘मामा, घोड्याचं काय झालं?’

‘कुठला घोडा?’

‘सहाव्या प्रकरणातला. गुहेत जाताना यांनी बाहेर झाडाला बांधला ना, तो. पुढे कुणी सोडलाच नाही त्याला.’

मी म्हटलं, ‘अगं, राजपुत्राला राज्य मिळालं, ते?’ तिला राजपुत्राचं नाव आठवेना. तिने ‘तो एक अ’ म्हटलं. घोडा मात्र तिला पक्का आठवत होता, कारण पाचव्या प्रकरणात सगळे तळ्याचं पाणी प्यायले तेव्हा तो एकटा प्यायला नव्हता. मी तसं का लिहिलं होतं कुणास ठाऊक. बहुधा ओळ भरायला. पण एकेचाळीस जणांत सांगितलेलं न ऐकणारा तो एकटाच निघाला. सहाव्या प्रकरणाच्या समासात पोरीने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘घोडा सोडा’.

एका वाक्याचं काम, म्हणून बसलो. कुणीतरी परत जाऊन घोडा सोडतो, एवढंच. कोण जाईल? राजपुत्र जाणार नाही, त्याला राज्याभिषेकाची घाई. जादूगार जाणार नाही, तो त्या वेळी मेलेला. चोर जाईल, पण घोडा विकायला. धनुर्धारिणी भुवई उंचावेल. असं एकेकाला विचारत रात्रीचे दोन वाजले. शेवटी निघाला तो बुटका, कारण बांधून ठेवलेल्या जनावराला काय वाटत असेल हे सतत भुकेल्या माणसालाच कळणार होतं. कुणाला न सांगता तो पहाटे गेला. आणि तो गेला म्हणून पुलावरच्या लढाईत तो नाही. तो नाही म्हणून राजपुत्राच्या पाठीवरचा वार अडवायला कुणी नाही. म्हणजे राजपुत्र मेला. राज्य कुणाला द्यायचं ते आता मला सुचत नाहीये, दुसरा खंड पार बाद झाला, आणि ज्याच्या खोडीवर मी साठ शेकोट्या हसवल्या तो गृहस्थ घोड्याला पाणी पाजत एका झाडाखाली बसलाय आणि उठायचं नाव घेत नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, कादंबरीत घोडा आणू नका. आणलात तर पहिल्याच प्रकरणात विकून टाका, आणि विकण्याआधी त्याला पोटभर पाणी पाजा.