काळी कड टाकू नका

चिकन भाजायचं म्हणजे नुसतं शिजवायचं नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. शिजतं काय, कुकरातही शिजतं. गटारीला गच्चीवर शेगडी मांडायची, पुठ्ठ्याने वारा घालघालून हात भरून आणायचे, आणि एवढं करून तंगडीला काळी कड आलीच नाही तर पाहुण्यांनी फोटो कसला काढायचा?

कडेसाठी लागणारं सामान मांसात आयतंच असतं : स्नायूंतलं क्रिएटिन, अमिनो आम्लं, किंचित साखर. आच दीडशे अंशांच्या पुढे न्या, की त्यातून हेटरोसायक्लिक अमाइन्स नावाची मंडळी जमू लागतात. त्यांतलं पीएचआयपी हे कोंबडीचं खास. तेव्हा 'रेड मीट कधीच सोडलं, आता फक्त ग्रिल्ड चिकन' म्हणणाऱ्या जिमवाल्या मित्राला सगळ्यात करपलेला तुकडा आग्रहाने वाढा. पनीर टिक्केवाल्यांचा इथे नाइलाज आहे, पनीरला स्नायू कुठून आणायचे? त्यांनी निदान धूर घ्यावा. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की धुरासोबत बेंझोपायरीन वर येतं आणि वरच्या पदार्थावर बसतं. डांबरात आणि सिगारेटच्या धुरात असतं तेच. कर्करोगकारकांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते पहिल्या गटात आहे, म्हणजे 'शक्यता' वगैरे भानगड नाही. पीएचआयपी मात्र अजून 'शक्यता'वाल्या गटात. उंदरांना भरमसाट डोस दिल्यावर गाठी झाल्या, माणसांबद्दलचा पुरावा तेवढा पक्का नाही. या एका शब्दावर तुम्ही निर्धास्त आणखी दोन प्लेटा मागवू शकता.

मुरवण्यात वेळ घालवू नका. हळद-लसूण लावून ठेवलं की ही अमाइन्स कमी बनतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. बाटलीतला गोड बार्बेक्यू सॉस थापा, त्याने उलट वाढल्याचं प्रयोगात दिसलं आहे. तुकडे सारखे उलटू नका. आधी मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं ठेवून सुटलेलं पाणी ओतून देणारे लोक असतात. अशांना पुढच्या वेळी बोलावू नका.

एवढं केलंत की तुमचं काम संपलं. पुढचं लहान आतडं बघून घेतं. पीएचआयपीचा रेणू लहान आणि पेशीच्या स्निग्ध पडद्यातून सहज सरकणारा, त्यामुळे त्याला दार उघडून द्यावं लागत नाही. बेंझोपायरीन तर चरबीत विरघळतं, म्हणजे तुपाळ नान सोबत घेतलात तर त्याची सोयच झाली. अडचण एकच आहे. आतड्याच्या पेशींना हे पाहुणे आवडत नाहीत. त्यांच्या वरच्या कडेला बीसीआरपी नावाचं प्रथिन पंपासारखं बसलेलं असतं आणि आत शिरलेलं पीएचआयपी उचलून परत आतड्याच्या पोकळीत फेकत राहतं. हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या रक्तात पीएचआयपी जास्त चढतं. पंप तुम्हाला काढून टाकता येणार नाही, पण त्याला दमवणं तुमच्या हातात आहे. एका प्लेटवर थांबू नका.

जे निसटतं ते रक्तातून थेट यकृतात जातं, आणि तिथे खरी गंमत आहे. यकृताला वाटतं आपण साफसफाई करतोय. त्याचं एक विकर, सीवायपी1ए2, या रेणूला ऑक्सिजन जोडून देतं आणि त्यामुळेच तो डीएनएला चिकटण्याच्या लायकीचा होतो. साफ करायला बसलेल्यानेच हत्याराला धार लावून दिली! उरलेल्याला यकृत ग्लुकुरोनिक आम्लाच्या वेष्टनात नीट पॅक करून पित्तातून आतड्यात रवाना करतं. मोठ्या आतड्यातले काही जिवाणू ते पार्सल फोडतात. आतला माल मोकळा होतो, काही पुन्हा शोषला जातो, काही तिथल्याच अस्तराला भेटतो. कोबी आणि ब्रोकोली खाणाऱ्यांच्या शरीरात पीएचआयपी बांधून बाहेर टाकण्याचं काम वाढल्याचं दिसलं आहे, म्हणून ताटातली कोबीची कोशिंबीर शेजाऱ्याकडे सरकवा. कांदा-लिंबू ठेवा, तेवढंच 'सॅलड खाल्लं' म्हणायला बरं.

कुणी तरी 2015 सालचा तो आकडा काढेलच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं आणि रोजच्या 50 ग्रॅमांमागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो असं सांगितलं, तो. हा आकडा सॉसेज-सलामीचा आहे, तुमच्या तंगडीचा नाही, हे ताठ मानेने सांगा. साधं लाल मांस 'बहुधा'च्या गटात गेलं, ते सांगायची गरज नाही.

तरीही वाद चाललाच तर आजोबांना पुढे करा. आमचे आजोबा नव्वदीपर्यंत मटण खात होते! ते रविवारी खात होते, ते पातेल्यात रटरटलेलं होतं, पातेल्यातलं पाणी शंभर अंशांच्या वर चढत नाही आणि रश्श्याला काळी कड येत नाही, एवढा तपशील मात्र गाळा. आजोबांना आता कोण विचारायला जातंय?