गळ्यात भुसा, कानात भुसा

लाकूड कातायचा छंद लागला तेव्हा वाटलं खर्च काय तो लेथचा, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्राचा, आणि हत्यारांचा, कपडे काय, जुना टी-शर्ट आहेच की. पहिल्याच दिवशी ओलं लाकूड लावलं, गाउज, म्हणजे खोलगट पात्याची पटाशी, टेकवली आणि फर्रर्र करून जी लांबलचक सालपटं सुटली ती थेट माझ्या गळ्यात. समोर अख्खी भिंत रिकामी होती हो!

ओली सालपटं बेंबीपर्यंत गार लागत जातात. रात्री ती गादीत निघाली, दोन दिवसांनी वॉशिंग मशीनच्या फिल्टरमधून निघाली, आणि बायकोने ती एका डबीत भरून माझ्यापुढे ठेवली. बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

यासाठी स्मॉक नावाचा खास डगला मिळतो. उंच कॉलर, गळ्यापर्यंत चेन, भुसा घसरून जाईल असं गुळगुळीत कापड आणि खिसे चक्क पाठीमागे, कारण पुढचा खिसा म्हणजे आ वासलेलं तोंडच. पण किंमत बघितली आणि म्हटलं, घरात काहीतरी असेलच.

एप्रन घालून बघितला, तो छातीशी उघडा असल्याने सगळा माल व्यवस्थित झेलून आत पोचवायचा. मग स्वेटर घातला. लोकरीतून सालपटं वेचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात अजून एक बाउल झाला असता. मग डोकं लढवून फुल शर्टच उलटा घातला, बटणं पाठीवर. ती लावायला दर वेळी बायकोला हाक मारायची, तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "शाळेचा डबा पण भरून देऊ का?" शिवाय त्या बाह्या सैल, आणि फिरत्या लाकडाने बाही पकडली की मागोमाग हात जातो, त्यामुळे तो प्रयोग तिथेच बंद. हातमोजे पण त्याच कारणासाठी नकोत.

फेस शील्डला मात्र पैसे मोजले. तडकलेला बाउल उडताना फक्त चष्म्यावरच नेम धरेल असं थोडंच आहे? आणि सँडिंगची बारीक धूळ शील्डखालून बिनधास्त आत येते म्हणून मास्क, आणि मास्कमुळे चष्म्यावर वाफ, म्हणजे लाकूड दिसतंय कमी आणि आठवतंय जास्त.

शेवटी माळ्यावर जुनं विंडचीटर सापडलं. नायलॉनचं, हनुवटीपर्यंत चेन, मनगटाला घट्ट इलॅस्टिक. पुढचे खिसे मी स्वतः शिवून बंद केले, टोपीची लोंबणारी नाडी लेथमध्ये अडकू नये म्हणून कापून टाकली आणि आठवडाभर काम केलं. गळ्यात एक कण नाही! घामाने निथळत होतो ती गोष्ट वेगळी. बायकोला मुद्दाम फिल्टर उघडून दाखवला, स्वच्छ. "बघ, फुकटात झालं," म्हटलं. तेवढ्यात पाऊस आला, दोरीवरचे धुतलेले कपडे काढायला दोघं धावलो, आणि मी चपळाईने पाठीवरची ती टोपी ओढून डोक्यावर घेतली.

आठवडाभराचा भुसा होता तिच्यात.