न्यूड फोटोला तीन लाइट लागतातच? खुलासा

सांगलीतल्या नवख्या फोटोग्राफरांत एक मेसेज फिरतोय: 'फाइन आर्ट न्यूडला किमान तीन स्टुडिओ लाइट हवेत, आणि मॉडेलने कॅमेऱ्यासमोर सरळ उभं राहायचं.' दोन्ही चूक.

समोरून तीन लाइट मारले की सावली मरते आणि शरीर सपाट दिसतं. गोलाई कळते ती सावलीमुळेच. उत्तरेची एक खिडकी पुरते. मॉडेलला खिडकीपासून ४-५ फुटांवर, उजेड बाजूने पडेल असं बसवा. खोलीतली ट्यूब बंद करा, नाहीतर कातडीवर दोन रंग चढतात. सावली फार काळी वाटली तर पलीकडून पांढरा थर्माकोल धरा. मे ते जुलैत आपल्याकडे सूर्य उत्तरेला कलतो. तेव्हा याही खिडकीतून ऊन घुसतं, पांढरा मलमलचा पडदा लावाच.

उभं राहताना वजन एका पायावर, खांदे किंचित वळलेले, कोपर कमरेपासून सुटं. त्या फटीतून मागचा उजेड दिसला की कंबरेची रेघ उठून येते. चौकट गुडघ्यावर किंवा मनगटावर कापू नका. इलास्टिकचे वळ जायला बराच वेळ लागतो, म्हणून सैल कपड्यांत यायला आदल्या दिवशीच सांगा.

मॉडेल १८ वर्षांवरील हवी, संमती लेखी हवी, आणि फोटो कुठे दाखवणार हेही त्याच कागदावर.