नाकासमोरचा रस्ता

घाटातून मोटरसायकल चालवून आलेल्या माणसाला सगळे विचारतात, "भीती नाही वाटली?" मैदानातून दिवसभर चालवून आलेल्याला कोणी काही विचारत नाही. सपाट रस्ता, सरळ रस्ता, त्यात चालवायचं काय? अगदी बरोबर. चालवायचं काहीच नसतं. नुसतं बसायचं असतं, आणि तिथेच माणसाची वाट लागते. घाटात ब्रेक, क्लच, गिअर, पुढचा ट्रक आणि शेजारची दरी एवढी कामं असतात की बुडाकडे लक्ष द्यायला सवड मिळत नाही. मैदानात सकाळी एकदा वरचा गिअर पडला की आधी डावा पाय रिकामा होतो, मग डावा हात, आणि तासाभरात सगळं शरीर रिकामटेकडं होऊन तक्रारी उकरून काढायला लागतं.

ऑस्ट्रेलियात आयर हायवेवर एक पट्टा आहे, १४६.६ किलोमीटर, एकही वळण नसलेला. इतकं नाकासमोर आमच्या अख्ख्या घराण्यात कोणी चाललेलं नाही. ताशी १०० ने गेलं तरी जवळजवळ दीड तास हँडल नुसतं धरून ठेवायचं. माझं मैदान एवढं नामांकित नव्हतं, पण त्यानेही आपल्या परीने काही कसर ठेवली नाही.

क्षितिजाबद्दल कवींनी बरंच लिहून ठेवलंय. त्यातल्या कोणी हिशोब केलेला दिसत नाही. मोटरसायकलवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतात. तेवढ्या उंचीवरून सपाट जमिनीवरचं क्षितिज जेमतेम ४.४ किलोमीटरवर असतं. ताशी ८० चा वेग असेल तर सव्वातीन मिनिटांत गाठता येईल एवढंच! गाठलं की पुढचं तयार. त्या दिवशी मी जितकी क्षितिजं पादाक्रांत केली तितकी सत्कार समारंभातही कोणी कोणाच्या नावावर लावत नाही. प्रत्येकापलीकडे रस्ता, दोन्ही बाजूंना गवत आणि वर आभाळ.

यापेक्षा वाईट म्हणजे काहीतरी दिसणं. ३० मीटर उंचीची पाण्याची टाकी हवा स्वच्छ असेल तर सुमारे २४ किलोमीटरवरून डोकं वर काढते. म्हणजे ताशी ८० ने अठरा मिनिटं ती टाकी आणि आपण एकमेकांकडे बघत राहायचं. सुरुवातीला तो ठिपका असतो. मग तो झाड आहे की इमारत यावर मन दोन्ही बाजूंनी भांडतं. मग पाय दिसतात, शिडी दिसते, तिच्यावरचा उडालेला रंगही दिसतो. आता येणार म्हणेस्तोवर ती सर्रकन मागे जाते, आणि तिच्यावाचून एकदम करमेनासं होतं.

बसण्याकडे वळतो. माणसाच्या बुडात बसण्यासाठी नेमलेली दोन हाडं असतात. एरवी त्यांचा पत्ता नसतो. मैदानात त्यांची वेगवेगळी ओळख होते. डावं जरा समजूतदार, उजवं भांडकुदळ. मग प्रयोग सुरू होतात. आधी डावीकडे कललो. मग मागे सरकलो, मग पुढे पेट्रोलच्या टाकीला पोट लावून पाहिलं. मग टाचा मागच्या फूटरेस्टवर अडकवून छाती टाकीवर टाकली, तेव्हा मी शर्यतपटू दिसत असणार, पण हेतू शुद्ध वैद्यकीय होता. शेवटी फूटरेस्टवर सरळ उभा राहिलो. समोरून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने हात उंचावून मानवंदना दिली. मीही दिली. उभं राहण्याचं कारण त्याला कळायची गरज नव्हती.

दुपारपर्यंत उजव्या करंगळीला मुंग्या आल्या, त्या शेजारच्या बोटात गेल्या. या दोन बोटांची संवेदना आणणारी शीर तळहातातून जाते आणि मूठ पिळलेल्या हाताखाली नेमकी तीच दाबली जाते. वर इंजिनाची थरथर असतेच. हात झटकायचा तर अ‍ॅक्सिलरेटर सुटतो, नाही झटकला तर बोटं सुटल्यासारखी वाटतात.

वारा मात्र दिवसभर कामावर होता. तो आडवा असला की सरळ जाण्यासाठी गाडी तिरकी धरावी लागते, त्यामुळे सरळ रस्त्यावर मी तासन्‌तास वळणात असल्यासारखा कललेलो. बाजूने मोठा ट्रक गेला की वारा क्षणभर बंद, गाडी ट्रककडे झेपावते, ट्रक सरला की पुन्हा सणसणीत थप्पड. वारा समोरून असला तर हिशोब पेट्रोलमध्ये चुकता होतो: ताशी २० चा वारा असेल तर ८० ने जाणाऱ्याला १०० ची हवा कापावी लागते, आणि तिचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत, म्हणजे दीडपटीहून जास्त. काटा डोळ्यांदेखत खाली येतो आणि पुढचा पंप कुठल्याही क्षितिजावर दिसत नाही.

उन्हाचं वेगळंच. जॅकेटची चेन उघडली की गार वाटेल असं वाटतं. हवा पस्तिशीच्या वर गेली की ती कातडीपेक्षा गरम असते, मग उघड्या गळ्यातून आत शिरतो तो भट्टीचा झोत. घामही इतक्या चटकन उडून जातो की तो येतोय हेच कळत नाही. गपगुमान चेन वर ओढायची, पाणी प्यायचं आणि कोरडेपणाने घाम गाळायचा.

माझा मित्र पुढे होता. त्याचा डावा इंडिकेटर पहिल्या थांब्यापासून चालू. डावीकडे वळायला रस्ता सोडा, पायवाटही नव्हती. मी हॉर्न दिला, त्याने अंगठा दाखवला. मी दिवे मारले, त्याने वेग वाढवला. शेवटी शेजारी जाऊन हाताने पंजा उघडमिट करून दाखवला, तर त्याने तितक्याच प्रेमाने टाटा केला. पुढच्या थांब्यावर हेल्मेट काढून मी ओरडलो, "अरे, इंडिकेटर!"

तो शांतपणे म्हणाला, "माहितेय. आवाज येतो ना त्याचा, टिक टिक. तेवढीच सोबत."

आयर्न बट, म्हणजे लोखंडी बूड, असोसिएशन नावाची एक संघटना मोटरसायकलवरून २४ तासांत १,००० मैल, म्हणजे साधारण १,६०९ किलोमीटर कापणाऱ्याला प्रमाणपत्र देते. हे मी त्याला सांगितलं. तो बराच वेळ आपल्या सीटकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "प्रमाणपत्र लावायचं कुठे?"

संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी पोचलो. गाडीवरून उतरताना उजवा पाय सीटवरून पलीकडे न्यायचा असतो ही माहिती पायापर्यंत पोचायला वेळ लागला. आत काउंटरवरच्या माणसाने आमची अवस्था पाहून तत्परतेने दोन खुर्च्या पुढे सरकवल्या.

"बसा ना, निवांत फॉर्म भरा."

"नको," आम्ही दोघे एकदम ओरडलो.

मी भिंतीला टेकून उभ्यानेच सही केली. करंगळी अजून परतली नव्हती, त्यामुळे सही भलत्याच माणसाची आली. मित्र काउंटरवर दोन्ही कोपरं पसरून अर्धा आडवा झाला होता. मी त्याच्या फॉर्ममध्ये डोकावलो. 'येण्याचं कारण' या रकान्यात त्याने लिहिलं होतं : पालथं झोपणे.