इस्त्री करणाऱ्या आईवरची फिर्याद

टिली ओल्सन या अमेरिकन लेखिकेच्या 'आय स्टँड हिअर आयर्निंग' या कथेबद्दल एक मत वाचणाऱ्यांत फिरत असतं: ही निष्काळजी आईची कबुली आहे, गरिबीच्या सबबीखाली दिलेली, आणि असल्या आया तिकडच्याच, आपल्याकडे नसतात. कथा १९५६ साली छापून आली, पुढे १९६१च्या 'टेल मी अ रिडल' या संग्रहात गेली. एकोणीस वर्षांच्या एमिलीला मदतीची गरज आहे, येऊन भेटा, असा कुणीतरी निरोप धाडलाय आणि आई इस्त्री करता करता मनातल्या मनात त्याला उत्तर देतेय. एवढाच प्रसंग.

पोरीला टाकलं, हा पहिला आरोप. नवरा सोडून गेला तेव्हा एमिली आठ महिन्यांची होती, आई स्वतः एकोणीसची. महामंदीचे दिवस, सरकारी मदत, रोजगार योजना यांतलं काही सुरूही झालेलं नव्हतं. ती पोर खालच्या मजल्यावरच्या बाईकडे ठेवून कामाला जाई. मग दिवसा तिच्याजवळ राहता यावं म्हणून रात्रीची नोकरी शोधली. तेही जमेना तेव्हा एमिलीला तिच्या बापाच्या घरच्यांकडे धाडावं लागलं आणि परत आणायच्या भाड्याचे पैसे जमवण्यात बराच काळ गेला. टाकणारी माणसं परतीचं भाडं साठवत बसत नाहीत.

पुढे आजारातून उठलेल्या एमिलीला दवाखान्याच्या सांगण्यावरून एका संस्थेत ठेवलं. तिथे एक रविवार सोडून भेट, तीही लांबून: मुलं वर सज्जात, आईबाप खाली. आलेलं पत्र मुलांना एकदा वाचून दाखवायचं आणि फेकून द्यायचं. आठ महिने खटपट केली तेव्हा पोर घरी आली. मायेची तूट इथे कुणाची होती?

सबबी सांगते, हा दुसरा आरोप, आणि याचाच मला जास्त राग येतो. कारण तिच्याविरुद्धचा सगळा पुरावा तिनेच पुरवलेला आहे! एमिलीकडे बघताना जरा हसत जा, असं शेजारच्या म्हाताऱ्याने सुचवलं होतं, हे तीच सांगते. हसरा चेहरा धाकट्यांच्या वाट्याला आला, हेही तीच. एमिली रात्री दचकून हाका मारी तेव्हा कामाने थकलेली आई अंथरुणातूनच 'झोप, स्वप्न असेल' म्हणे. उठली ती दोनदाच, तीही धाकट्या सुझनसाठी उठायचंच होतं म्हणून. सबबी शोधणारी बाई हे 'दोनदाच' कशाला मोजेल? पाळणाघराबद्दल ती वेगळ्या सुरात बोलते. ती जागा वाईट होती हे आतून कळत होतं, पण नोकरी टिकवून पोरीला जवळ ठेवायला दुसरी सोय नव्हती. जे लादलं गेलं आणि जे आपल्या हातून राहिलं, यांची खाती तिने वेगळी ठेवली आहेत. आरोप करणारे ती एकत्र करतात.

बरं, गरिबीनेच सगळं ठरवलं असं कथाही म्हणत नाही. हीच अबोल एमिली शाळेच्या रंगमंचावर उभी राहून सभागृहाला खदखदून हसवते. हे कुठून आलं, आईलाही सांगता येत नाही. फिर्यादीत ही एमिली कधीच नसते.

राहिलं 'आपल्याकडे नसतात'. बीडकडे जा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली जोडपी ऊस तोडायला, कोयत्यावर निघतात. शाळेतली पोरं आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात, आई सहा-सहा महिने फडात. त्या आईला रात्री काय आठवत असेल, हे सांगणारी पानं आपल्याकडे कितीशी आहेत? मराठीत आई बहुतेकदा मुलाच्या तोंडून ऐकायला मिळते. 'श्यामची आई'तही बोलतो तो श्यामच.