टूलरूमला टाळं लागणार नाही

भोसरी-चाकणच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘नवं लेझर तंत्र आलंय. फाइल द्या, सकाळी पार्ट घ्या, थेट गाडीत बसवा. माणूस लागत नाही. मोल्डचे दिवस संपले.’ पोराला आयटीआयत टूल अँड डाय मेकरला, म्हणजे टूलरूममध्ये साचे (मोल्ड) बनवण्याच्या ट्रेडला घातलेल्या एका शेजाऱ्याने काळजीने तो मला दाखवला, म्हणून लिहितोय.

नवं? हे तंत्र म्हणजे स्टिरिओलिथोग्राफी, थरावर थर रचून वस्तू बनवणाऱ्या थ्रीडी प्रिंटिंगचा एक प्रकार. चक हल यांनी अमेरिकेत याच्या पेटंटसाठी १९८४ मध्ये अर्ज केला, १९८६ मध्ये ते मिळालं. जपानमध्ये हिदेओ कोडामांनी त्याही आधी असे थर रचून दाखवले होते. चाळीस वर्षं झाली, मोल्ड चालूच आहेत.

‘थेट गाडीत बसवा’ हे मात्र धोक्याचं आहे. रेझिन म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारा द्रव; त्या पातळ रेझिनवर लेझर जिथे फिरतो तेवढाच भाग घट्ट होतो. थर साधारण ०.१ मिलिमीटरचा, कधी त्याहून बारीक. आकार सुरेख येतो, पण ते मटेरियल एबीएस, म्हणजे गाडीच्या पार्टांचं चिवट प्लास्टिक, नव्हे. साधं रेझिन साठ अंशांच्या आसपासच नरम पडायला लागतं, आणि एप्रिलच्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याहून तापतो. आमच्याकडे एका कव्हरचा असा नमुना आला होता. क्लिपा हुबेहूब. एकदा बसवल्या, दुसऱ्यांदा काढताना एक कट्‌कन तुटली, कड काचेसारखी. पण त्याच नमुन्यावर कळलं की स्क्रूचा बॉस (स्क्रू बसायचा उंचवटा) वायरिंगला अडतोय. मोल्डचं स्टील कापून झाल्यावर कळलं असतं तर वेल्डिंग, परत मशीनिंग, सगळं आलं असतं. या तंत्राची खरी किंमत ही आहे, आणि मला ते मनापासून आवडतं.

माणूस लागत नाही म्हणे! जॉब किती तिरका ठेवायचा, सपोर्ट (आधाराच्या काड्या) कुठे द्यायचे, हे माणूसच बघतो. मग आयपीएत (एक प्रकारच्या अल्कोहोलमध्ये) धुणं, सपोर्ट तोडणं, यूव्ही (अतिनील) प्रकाशाखाली पुन्हा कडक करणं, घासणं. ओल्या रेझिनला उघडा हात लावू नका, अ‍ॅलर्जी होते.

राहिला मोल्ड. दहा-वीस नग हवे असतील तर रेझिनच्या मास्टरभोवती, म्हणजे मूळ नमुन्याभोवती, सिलिकॉन ओततात, म्हणजे तिथेही मोल्डच. लाखभर नगांना स्टीलचा मोल्डच हवा. श्रवणयंत्राचं कवच थेट लेझरवर बनतं, कारण प्रत्येकाचा कान वेगळा. दरवाज्याची क्लिप त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीला सारखीच लागते, म्हणून ती मोल्डमधूनच.